एका वेळी एकच लेन

झेब्रा क्रॉसिंगवर पाय ठेवला की गाड्या थांबणारच, असं धरून चालणारे लोक आपल्या शहरांत असतात. ‘इथे त्या पट्ट्यांना विचारतंय कोण’ असं म्हणत जिथे सवड दिसेल तिथून घुसणारेही असतात. दोघंही एकच गोष्ट तपासायची विसरतात. समोरून येणाऱ्या चालकाने आपल्याला पाहिलंय का, आणि पाहिलं असेल तर गाडी थांबवायला त्याच्याकडे पुरेसं अंतर उरलंय का? रस्ता ओलांडण्याचं सगळं शहाणपण या दोन प्रश्नांत आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे रोज सरासरी नव्वदच्या आसपास. यात भाजी आणायला निघालेले, बसस्टॉपकडे चाललेले, शाळा सुटल्यावर घरी परतणारे असे सगळे आले. त्यांनी ना वेग वाढवला होता, ना हेल्मेट विसरलं होतं.

कायदा पायी चालणाऱ्याच्या बाजूने आहे, हे आधी पक्कं लक्षात ठेवा. सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगजवळ येताना चालकाने वेग कमी करायचा, थांबायचं आणि चालणाऱ्यांना आधी जाऊ द्यायचं, असं २०१७ चे मोटार वाहन चालनविषयक विनियम सांगतात. सिग्नल असेल तिथे गाडी पट्ट्यांच्या अलीकडच्या स्टॉप लाइनवर थांबली पाहिजे. पट्ट्यांवरून चालणारा माणूस कुणाची मेहेरबानी मागत नसतो, त्यामुळे तिथे ओशाळवाणं होऊन पळण्याचं काहीच कारण नाही. पट्ट्यांचा खरा फायदाही इथेच आहे. तिथे कुणीतरी आडवं येईल हे चालकाच्या मनात थोडं तरी असतं. पन्नास पावलं पुढे दुभाजकाच्या झुडपांतून बाहेर पडणारा माणूस त्याच्या मनात नसतोच. म्हणून थोडं मागे चालत जावं लागलं तरी पट्ट्यांवरूनच जा.

थांबलेल्या गाडीच्या पलीकडे

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पुण्यातल्या कर्वे रस्त्यासारखा मोठा रस्ता ओलांडताना आपण त्याला एक रस्ता समजतो. तो एक नसतो. एका दिशेला दोन लेन असतील तर ते दोन रस्ते आहेत, तीन असतील तर तीन. लेन आखलेल्या नसल्या तरी गाड्या जितक्या रांगांनी धावतात तितके रस्ते मोजा आणि प्रत्येक रस्ता स्वतंत्रपणे ओलांडा.

असं का, ते नेहमीच्या एका प्रसंगावरून कळेल. तुम्ही पट्ट्यांवर उतरता. पहिल्या रांगेतला बसचालक सज्जन असतो, तो बस थांबवतो आणि हाताने ‘या’ म्हणतो. तुम्हाला हायसं वाटतं आणि तुम्ही त्याच्यासमोरून झपझप पुढे जाता. बसच्या पलीकडच्या रांगेतून येणाऱ्या दुचाकीवाल्याला मात्र फक्त थांबलेली बस दिसते. ती प्रवासी घेत असेल किंवा बंद पडली असेल, असं त्याला वाटतं आणि तो वेग न कमी करता तिच्या बाजूने पुढे निघतो. बसमुळे त्याला तुम्ही दिसत नाही, तुम्हाला तो दिसत नाही. बसच्या कडेला तुमची आणि त्याची गाठ पडते तेव्हा दोघांच्या हातात काही उरलेलं नसतं. या अपघातात बसचालक चांगला वागलेला असतो, तुम्ही पट्ट्यांवर असता आणि तरी घात होतो.

यावर उपाय साधा आहे, पण तो अंगात मुरवावा लागतो. थांबलेल्या गाडीसमोरून चालत तिच्या पलीकडच्या कडेपर्यंत या आणि तिथे थांबा. डोकं पुढे काढून त्या रांगेत काय येतंय ते पाहा. ती रांगही थांबली, किंवा रिकामी दिसली, तरच पुढचं पाऊल टाका. ज्याने हाताने ‘या’ म्हटलं त्याने फक्त स्वतःच्या गाडीपुरती हमी दिलेली असते. मागून एखादा अधीर माणूस हॉर्न वाजवत असेल तर वाजवू द्या.

फूटपाथलगत उभ्या केलेल्या गाड्यांनाही हाच नियम लावा. क्रॉसिंगजवळ गाडी उभी करायला मनाई असली तरी टेम्पो, रिक्षा, मोटारी तिथे असतातच. अशा वेळी त्या गाडीची रस्त्याकडची कड म्हणजे तुमचा नवा फूटपाथ समजा. गाडीत कुणी बसलेलं नाही ना आणि ती मागे येत नाही ना, एवढं बघून तिच्या कडेपर्यंत या, थांबा आणि मग रस्त्याकडे बघा. दोन गाड्यांच्या फटीतून थेट रस्त्यावर येणारं मूल चालकाला अगदी शेवटच्या क्षणी दिसतं.

अंतर कसं जोखायचं

सिग्नल नसलेल्या क्रॉसिंगवर किती मोकळी जागा पुरेशी धरायची, हे बहुतेकजण अंदाजाने ठरवतात आणि अंदाज चुकतो तो वेगाचा. ताशी ४० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे येते. दोन लेन म्हणजे साधारण ७ मीटर. सेकंदाला १.२ मीटर या नेहमीच्या चालीने ते ओलांडायला सहा सेकंद लागतात. तेवढ्यात ती गाडी ६५ ते ७० मीटर आलेली असते. रस्त्यावरच्या दिव्यांचे खांब बऱ्याच ठिकाणी २५ ते ३० मीटरवर असतात. म्हणजे सर्वांत जवळची गाडी तिसऱ्या खांबाच्या पलीकडे हवी. पाय दुखत असतील, हातात जड पिशवी असेल किंवा सोबत आजी असतील तर चौथ्या-पाचव्या खांबाच्या पलीकडे. दोन-चार वेळा खांब मोजून पाहिले की नजर तयार होते.

तुम्हाला पाहिल्यावरही गाडी लगेच थांबत नाही. ताशी ४० च्या वेगात चालकाचा पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरला तर तेवढ्यात ११ मीटर जातात आणि कोरड्या रस्त्यावर, चांगले ब्रेक असताना आणखी ९-१० मीटर लागतात. ताशी ६० असेल तर एकूण अंतर ३५ मीटरच्या वर जातं. भरलेल्या डंपरला किंवा मिक्सरला याहून जास्त. हात वर करून डंपर थांबवायला जाऊ नका. त्याला जाऊ द्या.

हात दाखवणं मात्र उपयोगाचं आहे आणि ते नीट करावं. फूटपाथच्या कडेला उभं राहून, येणाऱ्या चालकाकडे तोंड करून, तळवा त्याच्या दिशेने धरायचा. खाली मान घालून नुसता हात बाजूला पसरवत पुढे जायचं नाही. चालकाची नजर तुमच्याकडे वळली आणि गाडीचा पुढचा भाग ब्रेकने किंचित खाली दबला, की समजा त्याने तुम्हाला पाहिलंय. मोटारींच्या काचा काळपट असतात आणि संध्याकाळी त्यांवर आकाशाचं प्रतिबिंब पडतं, त्यामुळे चेहरा दिसत नाही. मग वेग कमी होतोय का यावरच भिस्त ठेवा.

एकदा निघालात की एकाच गतीने, सरळ रेषेत चाला. आपल्याकडचे दुचाकीवाले चालणाऱ्याच्या गतीचा अंदाज बांधून त्याच्या पाठीमागून गाडी काढतात. तुम्ही अर्ध्यात घाबरून दोन पावलं मागे आलात तर बरोबर त्याच्या वाटेत येता. पळणं आणि मागे फिरणं, दोन्ही टाळा. अगदीच भीती वाटली तर दोन रांगांच्या मधोमध अंग सरळ ठेवून स्थिर उभे राहा, म्हणजे दोन्ही बाजूंचे चालक तुम्हाला टाळून जाऊ शकतील. दुभाजक असेल तर तिथे थांबायचंच. अर्धा रस्ता झाला म्हणून उरलेला त्याच दमात काढू नका.

कुठल्या बाजूला बघायचं, हे लहानपणी शिकवलेलं अजून खरं आहे. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, म्हणून पहिली गाडी उजवीकडून येते: उजवीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. दुभाजक ओलांडल्यावर धोका डावीकडून. यात एक पुस्ती जोडावी लागते. पुण्यातले फर्ग्युसन रस्ता, जंगली महाराज रस्ता, लक्ष्मी रस्ता हे एकेरी आहेत, म्हणून फक्त एकाच बाजूला बघून उतरू नका. राँग साइडने, फूटपाथला घासून येणारी दुचाकी कुठेही भेटते. तिच्या चालकाचा गुन्हा मोठा आहे. वाहतुकीच्या उलट दिशेने गाडी हाकणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक चालवण्यात मोडतं आणि पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा कैद होऊ शकते. पण त्याला शिक्षा झाली म्हणून तुमचं मोडलेलं हाड जुळत नाही. सातारा रस्त्यासारख्या बीआरटीच्या मार्गावर बसची लेन रस्त्याच्या मधोमध असते. तिथे आधी इतर वाहनांची लेन, मग बसची लेन, असं दोनदा थांबून दोनदा बघा. इलेक्ट्रिक बस आणि स्कूटर यांचा आवाज जवळ येईपर्यंत कानावर पडत नाही. कानावर विसंबायचे दिवस गेले आणि इअरफोन घातले असतील तर कान नाहीतच असं धरा. रस्ता ओलांडेपर्यंत एक कान नव्हे, दोन्ही कान मोकळे ठेवा आणि फोन खिशात.

सिग्नल सुटताना

चालणाऱ्यांचा सिग्नल असेल तिथे हिरवा माणूस म्हणजे निघा, लुकलुकणारा हिरवा म्हणजे आता नव्याने उतरू नका आणि लाल म्हणजे थांबा. लुकलुकायला लागलं तेव्हा तुम्ही मध्यावर असाल तर न थांबता पुढे जा; ती वेळ त्यासाठीच ठेवलेली असते. मुंबईत दादरच्या वीर सावरकर मार्गावर, म्हणजे जुन्या कॅडल रोडवर, २०२० मध्ये या दिव्यांत पुरुषाऐवजी स्त्रीची आकृती आली. आकृती कोणतीही असो, रंगाचा अर्थ तोच.

खरा घोळ सिग्नलच्या दोन टोकांना होतो. गाड्यांचा सिग्नल लाल पडला तरी त्यानंतरचे दोन-तीन सेकंद कुणी ना कुणी सुसाट निघून जातो. म्हणून तुमचा हिरवा लागताच उतरू नका. मनात तीनपर्यंत मोजा आणि पहिल्या रांगेची चाकं थांबलेली बघून निघा. दुसरं टोक उलटं आहे. गाड्यांसाठी उलटे आकडे दाखवणारा टायमर असेल तर पाच, चार, तीन दिसू लागताच दुचाक्या पुढे सरकू लागतात. तेव्हा तुम्ही रस्त्याच्या मधोमध असता कामा नये. चौदा मीटर रुंद रस्त्याला नेहमीच्या चालीने बारा सेकंद लागतात. सावकाश चालणाऱ्याला सतरा-अठरा. आकडा त्यापेक्षा कमी दिसत असेल तर पुढच्या फेरीची वाट बघा. गर्दीबरोबर निघालात तर गर्दीच्या शेपटाला राहू नका, कारण गाड्या आधी शेपूटच कापतात.

वळणाऱ्या गाड्यांकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. तुम्हाला हिरवा माणूस दिसत असतो, समोरच्या गाड्या थांबलेल्या असतात आणि फ्री लेफ्ट घेणारी मोटार तुमच्या पोटऱ्यांजवळ येऊन थांबते. डावीकडे वळणाऱ्या चालकाचं सगळं लक्ष त्याच्या उजवीकडून येणाऱ्या वाहनांवर असतं आणि तुम्ही त्याच्या डावीकडे असता. चौकात उतरण्याआधी मागे खांद्यावरून एकदा वळून पाहा. बस किंवा ट्रक वळत असेल तर त्याची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आत कापत येतात, म्हणून फूटपाथच्या अगदी काठावरही उभे राहू नका, दोन पावलं मागे सरका. ट्रकच्या नाकाशी किंवा डाव्या कुशीला उभ्या असलेल्या माणसाला उंच केबिनमधला चालक पाहू शकत नाही. तुम्हाला त्याच्या आरशात त्याचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. बसमधून उतरल्यावर तिच्यासमोरून ओलांडण्याची सवय अनेकांना असते. बस निघून जाऊ द्या, मग रस्ता मोकळा दिसतो.

पाऊस आणि अंधार

जूनमधला पहिला पाऊस सर्वांत वाईट. रस्त्यावर साठलेलं तेल आणि धूळ मिळून निसरडा थर तयार होतो. पट्ट्यांचा रंगही ओला झाला की गुळगुळीत होतो. त्यावर दुचाकीने ब्रेक मारला की ती थांबण्याऐवजी घसरत येते. पावसात खांब मोजताना एक-दोन वाढवा आणि पट्ट्यांवरून चालताना स्वतःचे पायही जपून टाका. छत्री वाऱ्याच्या दिशेला तिरपी धरली की नेमकी एक बाजू झाकली जाते. ओलांडण्यापुरती ती उंच धरा, खांदा भिजला तरी चालेल. रेनकोटची टोपी असेल तर नुसती मान वळवून भागत नाही, अख्खं अंग वळवून बघा.

रात्री समोरून येणाऱ्या हेडलाइटचा झोत तुम्हाला स्पष्ट दिसतो, म्हणून आपणही त्याला तितकेच दिसत असू असं वाटतं. तसं नसतं. गडद साडी किंवा काळं जॅकेट घातलेला माणूस दिव्यांच्या झगमगाटात हरवून जातो. दिव्याच्या खांबाखालचं क्रॉसिंग निवडा, पिशवी किंवा ओढणी फिक्या रंगाची ठेवा, फोनचा टॉर्च लावून प्रकाश जमिनीकडे सोडा. पहाटे फिरायला जाणाऱ्या मंडळींना हे कळकळीने सांगावंसं वाटतं, कारण त्या वेळी रस्ते रिकामे असतात आणि म्हणूनच गाड्यांचा वेग सर्वांत जास्त असतो.

ज्यांचा हात धरायचा

लहान मुलांना गाडी दिसते, पण ती किती वेगाने येतेय हे कळत नाही. नऊ-दहा वर्षांपर्यंत मूल एकटं मोठा रस्ता ओलांडेल असं धरू नका. बोट धरू नका, मनगट धरा; बोट सुटतं. मुलाला येणाऱ्या गाड्यांच्या विरुद्ध बाजूला ठेवा आणि दुभाजकावर बाजू बदला. बाबागाडी असेल तर लक्षात घ्या, तुमची नजर रस्त्यावर पोचण्याआधी बाळ रस्त्यावर पोचलेलं असतं. आधी बघा, मग ती खाली उतरवा. मुलांना शिकवायचं तर ओलांडताना मोठ्याने बोलत चला: ‘बस थांबली, आता पलीकडची रांग बघूया.’ आठवडाभरात मूल तुमच्या आधी बोलायला लागेल.

दृष्टिहीन व्यक्ती पट्ट्यांशी उभी दिसली तर आधी विचारा, ‘मदत हवी का?’ हो म्हटलं तर त्यांना तुमचं कोपर धरू द्या. त्यांचा हात ओढत नेऊ नका.

ज्येष्ठांच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला पादचारी पूल दाखवणं म्हणजे त्याला रस्ता ओलांडू नका म्हणण्यासारखंच आहे. वांद्र्यात २००८ मध्ये स्कायवॉक आला, त्यानंतर मुंबई परिसरात असे बरेच झाले, पण शहरातल्या रस्त्यांवर माणसाला जमिनीवरूनच सुखरूप जाता यायला हवं. महामार्गाची गोष्ट वेगळी. तिथे गाड्या ताशी ८०-१०० ने येतात, तेव्हा पूल किंवा भुयारी मार्ग कितीही लांब असला तरी तोच घ्या.

अपघात झालेला दिसला तर १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस बोलवा. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ ने संरक्षण दिलं आहे, नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतच्या रोकडरहित उपचारांची केंद्राची योजनाही आहे. नातेवाईकांना हे बहुधा ठाऊक नसतं, म्हणून रुग्णालयात तिची आठवण करून द्या.

आणि तुमच्या नेहमीच्या क्रॉसिंगचे पट्टे पुसले गेले असतील तर तक्रार करा. पदपथ वापरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कात येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटलं आहे. तेव्हा संकोच नको. पुण्यात महापालिकेचं ‘पीएमसी केअर’ आहे, इतर शहरांत प्रभाग कार्यालय आणि वाहतूक पोलीस. ‘इथे फार धोका आहे’ एवढंच लिहिलं तर अर्ज फायलीत पडून राहतो. जवळच्या दिव्याच्या खांबाचा क्रमांक लिहा, सकाळ-संध्याकाळचे फोटो जोडा, शाळा किंवा दवाखाना किती पावलांवर आहे ते लिहा. घड्याळ लावून एकदा मोजा: चालणाऱ्यांचा हिरवा दिवा किती सेकंद राहतो आणि सोसायटीतल्या एखाद्या आजोबांना पलीकडे जायला किती सेकंद लागतात. दोन्ही आकडे अर्जात शेजारीशेजारी लिहा, खाली दहा-बारा शेजाऱ्यांच्या सह्या घ्या आणि पोच घेऊन या.